वर पाऊस, खाली ऊन: अकरा पाड्यांचा आपत्ती आराखडा लिहायचाय, जाणत्यांनी मदत करा

पाड्यावरचा गुरुजी

नमस्कार मंडळी. मी मूळचा अमळनेरकडचा. गेली सहा वर्षं नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतोय. गावाचं नाव देत नाही, कारण पुढे ज्या दोन मुलींबद्दल लिहिणार आहे त्या अजून माझ्याच वर्गात आहेत.

गाव कागदावर एक आहे, जमिनीवर अकरा पाडे. एक घर या टेकाडावर, दुसरं समोरच्या, मधे दरी. सगळ्यात लांबच्या पाड्यावर जायला शाळेपासून दीड तास चढावं लागतं. अमळनेरकडे गल्लीतून दवंडी फिरली की गाव गोळा होतं, इथे दवंडी देणाऱ्याला दिवसभर चालावं लागेल. शाळा आणि चार पाडे यांच्या मधून एक नाला जातो. उन्हाळ्यात त्याच्यात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. पावसाळ्यात तोच नाला आम्हाला तोडतो. त्याच्यावर फरशी (ठेंगणा पूल) आहे, पण मोऱ्या दगडगोट्यांनी इतक्या बुजल्यात की पाणी आता फरशीच्या वरूनच जातं.

मागच्या जुलैतली गोष्ट. दुपारी आमच्याकडे लख्ख ऊन. मुलांच्या ओल्या चपला ओट्यावर वाळत होत्या. वर डोंगरात काळं दिसत होतं, पण ते पावसाळ्यात रोजच दिसतं. साडेचारला शाळा सोडली. नाल्यापलीकडची अठरा मुलं नेहमीसारखी निघाली, मी फरशीपर्यंत सोबत गेलो. पाणी घोट्याएवढं. सोळा मुलं पार झाली. मागे चौथीतल्या दोघी. एकीची चप्पल दगडांत अडकली, ती काढायला दोघी वाकल्या.

आधी वास आला. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या मातीचा, एकदम नाकात भरणारा. मग भरलेला ट्रक घाट चढताना येतो तसला आवाज. मी ओरडलो, पण त्यांना कुठल्या बाजूला पळायचं ते कळेना. लोंढा आला तेव्हा दोघी फरशीच्या खालच्या अंगाला गेल्या आणि तिथल्या जांभळाच्या मुळ्या त्यांच्या हाती लागल्या. पाणी छातीला. एकीचा हात सुटत होता, तर दुसरीने तिची वेणी दातात धरली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गुरं घेऊन परतणाऱ्या एका आजोबांनी दोन बैलांची दावी सोडली, एकमेकांना गाठ मारली, वरच्या अंगाला जाऊन जांभळाच्या बुंध्याला वेढा दिला आणि एकेकीला ओढून काढलं. मी मधे पडायला गेलो तर त्यांनी कोपराने मला मागे लोटलं. मला पोहता येतं, पण त्या पाण्यात त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

पुढचे तीन दिवस ते चार पाडे तुटलेले. दुसऱ्या दिवशी तिकडच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. तिला झोळीत घालून नाल्याच्या उगमाकडून वळसा मारून आणली, सात तास लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मी त्या दिवशी 'रेंजच्या दगडा'वर गेलो (आमच्याकडे एकाच टेकडीवरच्या एका दगडावर उभं राहिलं की फोन लागतो) आणि मदतीच्या नंबरवर फोन केला. गावाचं नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने यादी पाहिली, त्या नावाची तीन गावं निघाली. पाड्याचं नाव तर यादीतच नव्हतं. 'लोकेशन पाठवा' म्हणाले. तेवढ्यात ढग उतरले आणि रेंज गेली.

आता मुद्द्यावर येतो. ग्रामसभेने गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा लिहायचं काम माझ्याकडे दिलंय. नमुना म्हणून मला जो भरलेला आराखडा मिळाला त्यात जवळचं अग्निशमन केंद्र, जेसीबीवाल्यांचे नंबर, हेलिकॉप्टर उतरवायची जागा असे रकाने आहेत. एका पानावर तापीची इशारा पातळी आणि धोक्याची पातळी लिहिलेली होती. आमच्या नाल्याचं पाणी तापीला जातच नाही, ते नर्मदेला जातं. कोणीतरी कोणाचा तरी उतरवलेला आराखडा वर्षानुवर्षं पुढे चाललाय. मला तो तसा पुढे द्यायचा नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आपल्या धुळ्यात आहे, हे खानदेशाचं नशीब. पण धुळ्याहून आमच्यापर्यंत यायला रस्ता चांगला असला तरी चार-पाच तास, आणि चांदसैली घाट मोकळा असेल तर. २०२१ च्या सप्टेंबरात त्याच घाटात दरड पडून रस्ता बंद होता, आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाची बातमी तुम्हाला आठवत असेल. ती माउली वाटेतच गेली. म्हणजे पहिले दहा-बारा तास गावात जे हात आणि जे दोर आहेत तेवढेच. आराखडा त्या तासांचा असायला हवा.

तर विचारायचं असं. वर डोंगरात किती पाऊस पडतोय हे खाली ऊन असताना मला कसं कळावं? कळलंच तर रेंज नसलेल्या अकरा पाड्यांना ते कसं सांगावं? नाला भरला तर अठरा मुलांना शाळेतच रात्री ठेवायचं का, आणि तसं ठेवायचा अधिकार कोणाचा? गावात कोणतं सामान खरोखर उपयोगी पडतं? ज्यांनी पूर, दरड, आग, वादळ जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं. मेच्या मध्यापर्यंत लिहून द्यायचंय.

---

सातबारा

गुरुजी, मी शहादा आणि तळोदा भागात तीस वर्षं तलाठी होतो, आता घरी आहे. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे लिहितोय.

आधी पावसाचं. सरकारी हिशोबात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि मोजमाप महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होतं. पूर्वी आम्ही काचेच्या नळीने मोजायचो, आता मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं बसलीत. सपाटीवर हे चालून जातं. सातपुड्यात एका मंडळात दहा दऱ्या. केंद्राजवळ दहा मिलिमीटर आणि एका डोंगराआड दीडशे, असं मी स्वतः पाहिलंय. नाला ज्या डोंगरातून येतो तिथे यंत्र नाही, त्यामुळे इशारा नाही, आणि नंतर नुकसानीचा अर्ज केला की 'मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही' असं उत्तर.

यावर तुमच्या हातातला उपाय सांगतो. वरच्या गावात कोणी शिक्षक, अंगणवाडी सेविका, दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच्याकडे तोंड आणि बूड सारख्या रुंदीचा, सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवा. झाडापासून आणि वळचणीपासून लांब, दगडांत घट्ट बसवलेला. आत साचलेल्या पाण्यात शाळेची पट्टी उभी बुडवली की जेवढे मिलिमीटर तेवढा पाऊस. डबा लहान असो की मोठा, भिंत सरळ असली की आकडा तोच येतो. पहिल्या पावसाळ्यात फक्त वही ठेवा: वर किती वाजता किती भरला, खाली पाणी किती वेळाने आलं. चार-सहा नोंदी झाल्या की तुमच्या नाल्याचा हिशोब तुम्हाला कळेल. तापीकाठी हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की सारंगखेडा-प्रकाशापर्यंत निरोप येतो आणि गावाला तासन्‌तास मिळतात. ४१ दरवाजे आहेत, किती उघडले ते पेपरात येतं. तुमच्या नाल्याला दरवाजा नाही, मग निरोप पाठवणारं माणूसही तुम्हालाच उभं करावं लागेल.

मुलांना रात्री ठेवण्याबद्दल: आताच, एप्रिलमध्येच, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या. नाला भरला तर मुलं शाळेत थांबतील, पोषण आहाराचा तांदूळ-डाळ त्या रात्री वापरला जाईल, सोबत कोणते दोन पालक थांबतील, हे नावानिशी लिहा. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना देऊन पोच घ्या. संकटात निर्णय घेणारा माणूस नंतर खुलाशाच्या कागदात अडकला की पुढच्या वेळी तो निर्णयच घेत नाही. मी असे चांगले चांगले लोक गप्प झालेले पाहिलेत.

आणखी एक. पंचनामा हा आराखड्याचाच भाग आहे, पण तो कोणी लिहीत नाही. २०२२ च्या निकषांप्रमाणे दुभती गाय-म्हैस वाहून गेली तर ३७,५०० रुपये, ओढकामाचा बैल ३२,०००, शेळी ४,०००. माणूस गेला तर वारसाला चार लाख. वीज पडून मृत्यू झाला तरी आपल्या राज्यात मदत मिळते, राज्याने ती आपत्ती म्हणून जाहीर केली आहे. पण जनावराला पशुवैद्यकाने पाहिलं नाही, माणसाचं शवविच्छेदन झालं नाही, तर फाईल पुढे सरकत नाही. रस्ता तीन दिवस बंद असलेल्या पाड्यावर डॉक्टर येणार कसा? लोक बिचारे वास सुटायच्या आत पुरून टाकतात. म्हणून पुरायच्या आधी पोलीस पाटील आणि दोन पंचांसमोर जनावराचे चारी बाजूंनी फोटो, कानातला बिल्ला दिसेल असे, आणि साध्या कागदावर सह्या-अंगठे. प्रत्येक पाड्यावर एक माणूस याला तयार करा. ज्यांचे वनपट्ट्याचे (कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचे) दावे अजून लटकलेत त्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नसतं, पिकाच्या पंचनाम्यात तेच सुटतात. त्यांची वेगळी यादी ग्रामसभेच्या ठरावात आताच घाला. मी नोकरीत असताना ज्यांना 'नाव नाही' म्हणून परत पाठवलं, ते चेहरे मला अजून दिसतात.

---

तितूरकाठची

गुरुजी दादा, मी चाळीसगाव तालुक्यातली. आमचं दुर्गम नाही, डांबरी रस्ता दारात. तरी ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री जे झालं ते ऐका. कन्नड घाटाकडच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि पहाटे तितूर, डोंगरी दोन्ही नद्या अंगावर आल्या. घाट दरडींनी बंद. आमच्याकडे झोपताना नुसती भुरभुर होती.

माणसं माळ्यावर चढली, पत्र्यावर चढली. जनावरं दाव्याला. माझ्या सासऱ्यांनी अंधारात गोठ्याकडे जायचा प्रयत्न केला, पाणी कमरेला होतं. दाव्याची गाठ ओली झाल्यावर सुटत नाही, वर जनावर ओढ घेतं तेव्हा ती अजून आवळते. ते बोटांनी गाठ सोडत राहिले. दोन सुटल्या. चार गायी आणि पारडू खुंट्यालाच गेले. सकाळी पाणी उतरलं तेव्हा त्यांच्या माना खुंट्याकडे वळलेल्या होत्या. आमनी सासू नुसती म्हणत ऱ्हायनी, 'मीच बांधेल व्हत्यात, मीच बांधेल व्हत्यात.'

आता आमच्या गोठ्यात आत शिरताच उजव्या हाताच्या खांबाला, छातीच्या उंचीवर, धार लावलेला विळा सुतळीने अडकवलेला असतो. अंधारात हात गेला की सापडतो. पावसाळ्यात गाठही सुरगाठ मारतो, एका झटक्यात सुटणारी. तुमच्या आराखड्यात सामानाच्या यादीत सगळ्यात वर हा विळा लिहा. खर्च काहीच नाही. आणि ज्या रात्री वरून निरोप येईल त्या रात्री जनावरं मोकळी सोडायची, हे प्रत्येक घरात आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी माणूस जनावराच्या मागे पाण्यात उतरतो. आमच्याकडे सासरे वाचले, सगळ्यांचे नाही वाचत.

---

उपकेंद्रावरची ताई

मी अक्कलकुवा तालुक्यात परिचारिका आहे. देवगोई घाट पावसाळ्यात किती वेळा बंद होतो ते मोलगीच्या माणसाला विचारा.

सर, बाळंतपण ही अचानक येणारी आपत्ती नाही, तिची तारीख आपल्या रजिस्टरमध्ये असते. मेमध्ये बसून आशाताईसोबत जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायांची यादी काढा. नाल्यापलीकडच्या किती, एवढंच बघा. चार-पाचच निघतील. त्यांना आठ-दहा दिवस आधी आरोग्य केंद्राच्या माहेरघरात (दिवस भरत आलेल्या बायांच्या राहायच्या खोलीत) आणून ठेवता येतं, सोय आहे. पण बाई येत नाही, का, तर घरी तीन लेकरं, बकऱ्या, आणि नवरा निंदणीला. तिला 'या ना' म्हणून उपयोग नाही. तिच्या बकऱ्या त्या आठ दिवसांत कोण चारणार ते आराखड्यात लिहा. मी हसण्यावारी नेत नाहीये, ज्या पाड्यावर शेजारणीने बकऱ्या घेतल्या तिथल्या बाया आल्या, बाकीच्या नाही आल्या.

मुलांना शाळेत झोपवणार असाल तर जमिनीवर नको. पावसाळ्यात बिळात पाणी गेलं की मण्यार घरात शिरते आणि रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोर पोट दुखतं म्हणतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. तेवढ्यावरून ओळखायचं. दोर आवळायचा नाही, चिरा द्यायचा नाही, चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि रुग्णाला चालू न देता झोळी उचलायची. बाकं जोडून त्यावर सतरंजी टाका.

आणि भगताला आराखड्यात घ्या. त्याला टाळून चालणार नाही, लोक आधी त्याच्याकडेच जातात. माझ्या भागातल्या एका भगताबाबांशी मी दोन वर्षं बोलत राहिले. आता ते त्यांचं काय असेल ते करतात आणि त्याच दमात म्हणतात, 'उचला झोळी, ताईकडे न्या.' त्यांच्या तोंडून आलं की चार तरुण लगेच उठतात, माझ्या तोंडून आलं तर विचार करत बसतात. झोळीला खांदे बदलायला आठ जण लागतात. पावसाळ्यात पाड्यावर आठ धडधाकट माणसं असतात का तेही मोजा.

---

आपदा मित्र, शिरपूर

बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय, अनेर आणि तापीवर दोन-तीनदा कामही केलंय. थोडक्यात लिहितो.

आजोबांनी तुम्हाला मागे लोटलं ते बरोबर केलं. गुडघाभर पाणी वेगात असलं तर मोठ्या माणसाला पाडतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कमरेला दोर पक्का बांधून उतरणं. पाणी ढकलतं, दोर ताणतो आणि माणूस खाली दाबला जातो. काठावरून द्यायचं: आधी लांब बांबू, तो पोचत नसेल तर दोर फेकायचा. दोराच्या टोकाला खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट, आत तांब्याभर पाणी म्हणजे फेकायला वजन येतं. बुडणारा कॅन छातीशी धरतो आणि तरंगतो. असे तीन-चार कॅन दोरासकट फरशीच्या दोन्ही काठांवर टांगून ठेवा. कपाटात ठेवू नका. एका ठिकाणी लाइफ जॅकेटं कुलपात आणि किल्लीवाला तालुक्याला गेलेला, असं मी पाहिलंय.

लोकेशनचं: मोबाईलचं जीपीएस रेंज नसतानाही चालतं. प्रत्येक पाड्यावर एकदा उभं राहून अक्षांश-रेखांश घ्या आणि ते आकडे रेंजच्या दगडावर ऑइल पेंटने लिहून टाका, समोर पाड्याचं नाव. फोन करणारा कोणीही असो, अंगठेबहाद्दर सोडून कोणीही ते वाचून दाखवील. नावं तीन असतील, आकडे एकच असतात. १०८ ला, ११२ ला आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, १०७७ ला, तेच आकडे सांगायचे.

---

नर्मदाकाठचा

गुरुजी, मी पावरा आदिवासी. आमचं गाव सरदार सरोवरात गेलेल्या ३३ गावांपैकी. अर्धं गाव पुनर्वसनात गेलं, आम्ही वर टेकडीवर राहिलो. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत आलं. तुमचं पाणी आवाज करत येतं. आमचं मुकाट येतं. संध्याकाळी ज्या खडकाला होडी बांधली तो सकाळी दिसत नाही. पायवाटा खाली गेल्या, म्हणून आता होडीशिवाय कुठे जाता येत नाही.

दोन गोष्टी सांगतो. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द मला लागला. माझी आई वाचत नाही, पण २०१९ मध्ये पाणी किती चढतंय ते पाड्यात सगळ्यात आधी तिने सांगितलं. उतारावर हातहात अंतरावर तिने चुन्याने दगड रंगवले होते. रात्री बॅटरी मारून मोजायची. कुठला दगड बुडाला की धान्याच्या कणग्या वर न्यायच्या, कुठला बुडाला की म्हातारी माणसं वर न्यायची, हे तिने घरात सांगून ठेवलं होतं. तुमच्या नाल्याकाठीही असे दगड रंगवा. लाल दगड बुडाला की पलीकडे जायचं नाही, हे लहान पोरालाही कळतं.

दुसरं, निरोप कोणत्या भाषेत देणार? मोबाईलवर इशारा मराठीत येतो, 'मुसळधार पर्जन्यवृष्टीची शक्यता' असा. माझ्या आजीला त्यातलं काही कळत नाही. हाळी आमच्या पावरी बोलीत द्या. ढोलाचा विचार कराल तर पावसात ढोलाचं कातडं ओलं होतं, आवाज बसतो. लोखंडाचा आवाज जातो. शाळेची घंटा कशाची आहे?

---

आपदा मित्र, शिरपूर

दादा, शब्द चुकला, माफ करा. दगड रंगवायची गोष्ट मी आमच्या पुढच्या सरावात सांगणार आहे.

---

पाड्यावरचा गुरुजी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण सांगितलेलं करून बघत होतो.

आमची घंटा रुळाचा तुकडा आहे, दोन हात लांब, वडाच्या फांदीला तारेने टांगलेला. नर्मदाकाठच्या दादाचं वाचल्यावर रविवारी त्याची परीक्षा घेतली. प्रत्येक पाड्यावर एक-एक मोठा मुलगा पाठवला, हातात माझी जुनी वही आणि पेन्सिल. घंटेचा नेहमीचा ठोका वेगळा, धोक्याचा वेगळा ठरवला: तीन जलद, थांबा, तीन जलद, सलग पाच मिनिटं. वाजवायला त्या दोघींनाच उभं केलं. वेणी दातात धरणारी मुलगी मागच्या जुलैपासून नाल्याकडे पाठ करून बसायची, त्या दिवशी तिने हातोडी दुसरीला द्यायलाच नकार दिला.

संध्याकाळी वह्या जमल्या. अकरापैकी सात पाड्यांवर ऐकू आलं. न ऐकू आलेले चार म्हणजे नाल्यापलीकडचेच. मधे टेकडीची धार येते. म्हणजे ज्यांना निरोप सगळ्यात आधी जायला हवा तेच बहिरे. पलीकडच्या धारेवर, जिथे आजोबांची झोपडी आहे, तिथे दुसरी घंटा हवी. आमची वाजली की त्यांनी त्यांची वाजवायची. आजोबा तयार आहेत. 'रात्री मला झोप नसतेच,' म्हणाले.

वरच्या गावातल्या अंगणवाडी ताईंकडे सरळ भिंतीचा डबा बसवून आलो. त्यांच्याकडे रेंज आहे, आमच्याकडे दगडावर आहे, म्हणून जून ते सप्टेंबर रोज दुपारी तीन ते साडेचार एक माणूस दगडावर बसेल, पाळीपाळीने. पाळ्या ग्रामसभेत ठरल्या, पहिला आठवडा माझा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला, पोच मिळाली. आशाताईंच्या यादीत नाल्यापलीकडच्या तीन बाया निघाल्या. दोघींच्या बकऱ्यांची सोय झाली, तिसरीची सासू अजून मानत नाही, तिच्याकडे पुन्हा जायचंय. विळे प्रत्येक गोठ्यात लागलेत का ते मुलं मोजतायत. सातबारा आबा, वनपट्ट्यांची यादी तेवीस नावांची झाली आहे, तुम्ही एकदा बघाल का? फोटो काढून पाठवतो.

आता एक मागणी. भुसावळकडचं कोणी हा धागा वाचत असेल तर विचारतो, रेल्वेच्या भंगार लिलावातून गेलेला रुळाचा तुकडा कुठल्या भंगारवाल्याकडे रीतसर पावतीने मिळेल का? दोन हात पुरे, तीन मिळाला तर आणखी चांगलं. लोखंडी पाइप वाजवून पाहिला, त्याचा आवाज धार ओलांडत नाही. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. धडगावच्या पुढे तो आठ जणांनी खांद्यावर न्यायचा आहे, माणसं ठरली आहेत. फक्त मेच्या शेवटाआधी मिळावा, कारण पहिला वळीव पडला की वरची वाट निसरडी होते.